दोन एल

इक्वेडोरहून विल्मर आला
निंभोऱ्याच्या पॅकहाऊसवर,
घड न दुखावता पाण्यात कसा उतरवायचा ते शिकवायला.
तीन महिन्यांचा करार. मी दुभाष्या.
म्हणजे त्याचं मोडकं इंग्रजी आणि माझं मोडकं इंग्रजी
एकमेकांचा हात धरून चालणार.

सगळे म्हणत, गरीब स्वभावाचा आहे हो.
खाली मान. समोर येईल ते 'चांगलं'.
चहा चांगला, उकाडा चांगला,
हुरमतबाई तडवीचा नातू त्याच्या बुटात ओकला,
तेही चांगलं.

तापीकाठच्या मळ्यात भरीत पार्टी होती.
वाढणाऱ्याला थांबवायला पानावर हात आडवा धरतात
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं,
मलाही सुचलं नाही.
सोपानतात्या वाढत राहिले, हा खात राहिला.
रात्री अकराला बोलेरोच्या मागे
तो ओणवा, मी तांब्या घेऊन उभा.
तोंड धुतलं, वर पाहिलं, म्हणाला,
चांगलं.

मग एका रविवारी गच्चीवर त्याचा फोन ऐकला.
बहीण असावी पलीकडे.
नाक चिमटीत धरून तो कोणाची तरी नक्कल करत होता,
मध्येच शिवीसारखं काही, मध्येच खो खो,
हात असे उडत होते की दोरीवरचा टॉवेल खाली पडला.
मी जिन्यात थांबलो, पापडांची परात हातात.
हा कोण?
आणि आम्ही दोन महिने
ज्याला मोटारसायकलवर घेऊन फिरलो, तो?

पुण्यात, अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात,
मी मेसमध्ये केयी मागितली होती.
टेबलावरचे सहा जण हसले. पोरं वाईट नव्हती.
पण मी ळ टाळायला लागलो.
वेळेला टाइम, सकाळला मॉर्निंग,
जवळ असेल त्याकडे नुसतं बोट.
घरी आई ज्याच्या तोंडाला कंटाळायची
त्याच्या शेऱ्यात रेक्टरनी लिहिलं, मितभाषी.
वडिलांनी दोनदा वाचलं आणि विचारलं,
हे नापास तं नाही ना?

करार संपायला नऊ दिवस उरले होते.
खोक्यावरची चिठ्ठी मी विल्मरला रोमनमध्ये लिहून दिली.
ळ जड, म्हणून एलच्या पाठीवर
आणखी एक एल बसवला.
त्याच्या भाषेत जोडीनं आलेल्या एलचा य होतो
हे मला कुठून माहीत असणार!
त्यानं टाकीपाशी, सगळ्या बायांसमोर,
मोठ्यानं वाचलं:
केयी.

क्षणभर नुसतं पाणी वाजलं.
मग हुरमतबाई जी हसली ती खालीच बसली,
तिच्यामागे अख्खी रांग.
"आरे, हा तं आपल्यातलाच निंघाला!"

त्याचे कान लालभडक.
चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, सॉरी म्हणाला,
आणि कोल्ड रूममध्ये गेला,
जिथे साडेतेरा अंशांत
केळ्यांना कोणाशी बोलावं लागत नाही.

मी मागोमाग. सांगायचं होतं की बाबा, तू चुकला नाहीस,
पंधरा वर्षांपूर्वी त्या टेबलावर तू असतास
तर आपण दोघं झालो असतो.
तोंडून एवढंच आलं: यू गुड. व्हेरी गुड.
त्यानं मान हलवली. चांगलं.

तेवढ्यात मुंबईहून निर्यातदाराचा फोन.
मी घसा खाकरला, पाठ आपोआप ताठ झाली.
"नमस्कार साहेब. केळी तयार आहेत. सकाळी वेळेवर निघतील."
एकेक ळ इस्त्री करून ठेवलेला.

फोन खिशात घातला तर विल्मर टक लावून बघतोय,
माझ्याकडे नाही, माझ्या किंचित बाजूला,
तिथे आत्ता कोणीतरी उभं होतं तसा.
मग त्यानं कॉलर नीट केली,
हनुवटी वर, घसा खाकरला,
आणि हुबेहूब माझ्या त्या आवाजात म्हणाला,
"नमस्कार साएब. केली तयार."

मी हसलो.
जरा उशिरा हसलो.